जुन्या सुपरहिरो कॉमिकच्या अंकाचे महत्त्व कसे ओळखावे : ‘अमेझिंग फँटसी’ अंक १५ च्या आधारे

जुन्या अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या कानावर सर्वांत आधी पडते ती किंमत. ‘अमेझिंग फँटसी’ या नियतकालिकाच्या १५ व्या अंकाची एक उत्तम स्थितीतली प्रत सप्टेंबर २०२१ मध्ये हेरिटेज या लिलावसंस्थेमार्फत ३६ लाख डॉलरला विकली गेली. १९६२ मध्ये तोच अंक अमेरिकेतल्या किराणा दुकानांत आणि वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर १२ सेंटला मिळत होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की डोळे विस्फारतात, पण अंक महत्त्वाचा का ठरला हे त्यातून कळत नाही. किंमत महत्त्वाच्या मागून येते, अनेकदा उशिरा येते, आणि चित्रपटाची नुसती घोषणा झाली तरी वरखाली होते. अंकाचे खरे मोल त्याच्या पानांत, त्या काळच्या बाजारात आणि त्याच्या पश्चात काय घडले यांत शोधावे लागते. हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे स्पायडर-मॅन ज्या अंकात पहिल्यांदा अवतरला त्या याच अंकाच्या आधारे येथे सांगितले आहे. पद्धत एकदा हाती बसली की ती इतर कोणत्याही जुन्या अंकाला लावता येते.

पहिली पायरी : अंकाची ओळख पटवावी

मुखपृष्ठावरील मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. अमेरिकी कॉमिक्समध्ये आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतील बाजूस अगदी बारीक अक्षरांत प्रकाशनाचा तपशील छापलेला असतो. नियतकालिकाचे अधिकृत नाव, खंड, क्रमांक, महिना, वर्ष आणि प्रकाशक हे सारे तेथे असते, आणि पुनर्मुद्रण असेल तर त्याचे वर्षही बहुधा तेथेच सापडते. नवख्याने भिंग घेऊन प्रथम हा मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी.

छापलेला महिना हा विक्रीला आल्याचा महिना असतोच असे नाही. दुकानदाराने अंक कधीपर्यंत मांडून ठेवावा याची ती खूण असे, त्यामुळे अंक प्रत्यक्षात साधारण दोन महिने आधी बाजारात येई. १५ व्या अंकावर ऑगस्ट १९६२ असे छापलेले असले तरी तो जूनमध्येच वाचकांच्या हाती पडला होता. एखादे पात्र आधी कोणत्या अंकात आले अशा वादांत हा फरक निर्णायक ठरतो.

क्रमांकही जपून वाचावा. ‘अमेझिंग फँटसी’ या नावाचे चौदा अंक यापूर्वी निघालेच नव्हते. १९६१ मध्ये हे नियतकालिक ‘अमेझिंग अ‍ॅडव्हेंचर्स’ म्हणून सुरू झाले. सहा अंकांनंतर, म्हणजे डिसेंबर १९६१ च्या सातव्या अंकापासून त्याचे नाव ‘अमेझिंग अ‍ॅडल्ट फँटसी’ झाले आणि चौदाव्या अंकापर्यंत तेच चालले. पंधराव्या अंकात मधला शब्द गळला, आणि या नव्या नावाने निघालेला तो अंक त्या मालिकेचा शेवटचाही ठरला. एकाच वर्षात नियतकालिकाने दोनदा नाव बदलले, यावरून एवढे दिसते की प्रकाशकाला आपला वाचक अजून सापडलेला नव्हता. पुढच्या सगळ्या विवेचनाला ही पार्श्वभूमी लागते.

दुसरी पायरी : अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा

ज्या गोष्टीमुळे अंक गाजला तेवढीच वाचून थांबणे ही नवख्यांमध्ये सर्रास दिसणारी सवय आहे. या अंकातली स्पायडर-मॅनची कथा अवघी ११ पानांची आहे. उरलेल्या १३ पानांत तीन स्वतंत्र लघुकथा आहेत. एक घंटा वाजवणाऱ्या वृद्धाची, एक ममीच्या पेटीत लपणाऱ्या माणसाची, आणि एक आपल्यात मिसळून राहणाऱ्या मंगळवासीयांची. या चारही कथा संपादक स्टॅन ली यांनी लिहिल्या आणि स्टीव्ह डिटको यांनी चित्रित केल्या. शेवटच्या चौकटीत धक्का देणाऱ्या अशा छोट्या कथा हाच या नियतकालिकाचा नेहमीचा माल होता. त्या वाचल्यावर ध्यानात येते की स्पायडर-मॅनची कथाही त्याच साच्यातून घडलेली आहे. तिचा शेवटही एका ओळखीच्या धक्क्यावर बेतलेला आहे. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की येथे धक्का बसलेला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा भेटणार होता.

संपादकीय मजकूर, वाचकांसाठीची निवेदने आणि जाहिरातीसुद्धा सोडू नयेत. या अंकात संपादकाचे एक निवेदन आहे. नाव का बदलले ते त्यात सांगितले आहे, आणि हा नवा नायक यापुढे दर महिन्याला याच नियतकालिकात भेटेल असे आश्वासनही दिले आहे. प्रत्यक्षात पुढचा अंक निघालाच नाही. हे छोटेसे निवेदन पाचव्या पायरीवर आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. बहुतेक पुनर्मुद्रित संग्रहांत केवळ ११ पानांची मुख्य कथा घेतलेली असते. संपूर्ण अंक मुळाबरहुकूम वाचायचा असेल तर मार्व्हलने अलीकडच्या काळात काढलेली प्रतिकृती-आवृत्ती पाहावी. तिच्यात मूळ जाहिरातींसह सर्व पाने आहेत आणि तिची किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्यात असते. अभ्यासाच्या दृष्टीने ही प्रतिकृती एखाद्या बंद पेटीतल्या अस्सल प्रतीपेक्षा कितीतरी अधिक कामाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी : अंक त्याच्या काळात ठेवून पाहावा

एखाद्या अंकाने काय नवे केले हे ठरवायचे तर त्याआधी काय चालू होते ते माहीत हवे. सुपरहिरोंची पहिली लाट ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकापासून, म्हणजे सुपरमॅनपासून उसळली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ओसरली. १९५४ मध्ये गुन्हेगारी आणि भयकथांच्या कॉमिक्सविरुद्ध अमेरिकेत मोठा गदारोळ झाला, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. त्या संहितेचा शिक्का मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात छापला जाऊ लागला. ऑक्टोबर १९५६ च्या ‘शोकेस’ अंक ४ मध्ये फ्लॅश हा जुना सुपरहिरो नव्या रूपात परतला, आणि सुपरहिरोंच्या ज्या दुसऱ्या लाटेला संग्राहक रौप्ययुग म्हणतात ती तेथून सुरू झाल्याचे मानले जाते.

मार्टिन गुडमन यांची प्रकाशनसंस्था, जिला पुढे मार्व्हल हे नाव कायमचे चिकटले, त्या वेळी अडचणीत होती. १९५७ मध्ये तिची वितरणव्यवस्था कोसळली आणि तिला इंडिपेंडंट न्यूज या वितरकाकडे जावे लागले. हा वितरक सुपरमॅन व बॅटमॅन छापणाऱ्या प्रतिस्पर्धी संस्थेच्याच मालकीचा होता. त्याने गुडमन यांच्या नियतकालिकांच्या संख्येवर मर्यादा घातली. त्यामुळे नवे काही काढायचे तर जुने काही बंद करावे लागे. नवे नायक आधी चालू कथासंग्रहांत का आणले गेले, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. थॉरसुद्धा ऑगस्ट १९६२ याच महिन्याच्या ‘जर्नी इन्टू मिस्टरी’ अंक ८३ मध्ये, म्हणजे एका जुन्या कथासंग्रहातच अवतरला. त्याआधी नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’चा पहिला अंक आला होता. आपसात भांडणारे आणि स्वतःच्या शक्तीने त्रासलेले नायक त्यातून वाचकांसमोर आले होते. हल्कचा पहिला अंक मे १९६२ चा. तेव्हा ‘दुःखी सुपरहिरो’ ही कल्पना स्पायडर-मॅनपासून सुरू झाली असे म्हणणे चुकीचे ठरेल.

मग नवे काय होते? वय, हे नेहमी दिले जाणारे उत्तर अर्धवट आहे. किशोरवयीन मुले याआधीही होती. रॉबिन १९४० पासून बॅटमॅनच्या सोबत होता, तर सुपरबॉय स्वतःच्या नावावर मालिका चालवत होता. पण रॉबिनच्या डोक्यावर मोठ्यांचा हात होता, आणि सुपरबॉय पुढे मोठा होऊन सुपरमॅन होणार हे सर्वांना आधीच माहीत होते. पुढे स्पायडर-मॅन होणाऱ्या पीटर पार्कर या शाळकरी मुलाला मार्गदर्शक नाही, साथीदार नाही, आणि त्याचे पुढे काय होणार हेही कोणाला ठाऊक नाही. अशी तुलना करताना ‘पहिला’ हा शब्द शक्यतो टाळावा आणि आधीच्या दोन-तीन पात्रांची नावे घेऊन नेमका फरक मांडावा. त्यामुळे आपले म्हणणे लहान होते, पण टिकते.

चौथी पायरी : चौकट न् चौकट सावकाश वाचावी

कॉमिकचे महत्त्व कथेच्या सारांशात मावत नाही. कोणत्या पानावर किती चौकटी आहेत, कोण कोणाकडे पाहतो आहे, निवेदन कोणाच्या तोंडी आहे, हे सारे पाहावे लागते.

या कथेचे पहिलेच पान घ्या. एका बाजूला चष्मा लावलेला, पुस्तके सांभाळणारा पीटर एकटा उभा आहे. दुसऱ्या बाजूला त्याच्या वर्गातली मुले-मुली घोळक्याने उभी राहून त्याची टिंगल करीत आहेत. आणि पीटरच्या पाठीमागे भिंतीवर, जाळे व कोळी यांसह, त्याच्या पुढच्या रूपाची मोठी सावली पडली आहे. अद्याप काहीही घडलेले नाही, तरी एका चित्रात त्याचा एकटेपणा आणि त्याचे भवितव्य दोन्ही मांडून झाले आहे. डिटको यांची रेषा येथे देखणी म्हणता येणार नाही. माणसे बारीक, थोडी आखडलेली, खांदे पडलेले अशी आहेत. सुपरहिरोच्या कथेत अशी शरीरे दिसणे हीच वाचकाला वेगळी वाटणारी गोष्ट होती.

पुढे किरणोत्सारी कोळ्याचा दंश, मोटारीपासून वाचताना भिंतीवर चढणे, पैशासाठी कुस्तीच्या आखाड्यात उतरणे, मग दूरचित्रवाणीवरचे खेळ, हे प्रसंग भराभर येतात. त्यांतल्या एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. शक्ती मिळाल्यावर हा मुलगा गुन्हेगारांमागे धावत नाही, तर प्रसिद्धी आणि पैसा मिळवायला निघतो. तोपर्यंतच्या सुपरहिरोच्या जन्मकथांत शक्ती आणि सत्कार्य यांच्यामध्ये क्वचितच अंतर असे. येथे अख्ख्या कथेचा मधला भाग त्या अंतरात घडतो.

त्यानंतर येतो तो कथेचा खरा कणा. कार्यक्रम आटोपून पोशाखातच उभ्या असलेल्या पीटरसमोरून एक चोर पळत जातो, मागून पोलीस त्याला अडवा म्हणून ओरडतो, चोर उद्वाहकात (लिफ्टमध्ये) शिरतो आणि दार मिटते. पोलीस जाब विचारतो, तेव्हा पीटर म्हणतो की यापुढे मी फक्त माझ्यापुरते पाहणार. हा प्रसंग थोडक्या चौकटींत उरकला आहे, आणि लगेच पुढे घरातले दृश्य येते. बेन काका आणि मे काकू त्याला हवा असलेला सूक्ष्मदर्शक भेट देतात. आपल्यावर माया करणारी ही दोनच माणसे, यांना मी सुखात ठेवीन, बाकीच्या जगाशी मला काही देणेघेणे नाही, असे तो मनाशी म्हणतो. चोराचा प्रसंग आणि हा सूक्ष्मदर्शक लागोपाठ ठेवण्यात लेखक व चित्रकार यांचे कौशल्य आहे. ज्या दोघांसाठी सगळे करायचे त्यांच्यापैकीच एकाला त्या ‘बाकीच्या जगाने’ गाठावे, हे येथेच रचून ठेवले आहे, आणि पहिल्या वाचनात ते वाचकाच्या ध्यानातही येत नाही.

बेन काकांचा खून चित्रात दाखवलेला नाही. पीटर घरी येतो, दारात पोलीस उभा असतो, आणि बातमी त्याच्याकडून कळते. पुढे ओसाड गोदामात खुन्याला पकडल्यावर त्याचा चेहरा दिसतो, आणि तो तोच चोर निघतो. शेवटच्या चौकटीत चंद्रप्रकाशात दूर चालत जाणारी एक लहानशी आकृती आहे. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही यावीच लागते, अशा अर्थाचे जे वाक्य आज जगभर बेन काकांच्या नावावर सांगितले जाते, ते या अंकात बेन काका उच्चारतच नाहीत. ते निवेदकाच्या चौकटीत, शेवटच्या चित्रावर, कथा संपताना येते. नंतरच्या पुनर्कथनांत ते काकांच्या तोंडी घातले गेले. मला मूळ रचना अधिक कठोर आणि अधिक चांगली वाटते, कारण त्या मुलाला आधी कोणी शिकवण दिलेली नसते. ती त्याच्या वाट्याला उशिरा येते, आणि त्याची फार मोठी किंमत मोजून येते. मूळ अंक वाचल्याखेरीज हा फरक कळत नाही, आणि चौथ्या पायरीचा आग्रह यासाठीच आहे.

पाचवी पायरी : दंतकथा छापील पुराव्याशी ताडून पाहाव्या

गाजलेल्या प्रत्येक अंकाभोवती आख्यायिका जमतात. या अंकाची आख्यायिका अशी : प्रकाशकाला कोळ्याची कल्पना पसंत नव्हती, पण नियतकालिक बंदच होणार असल्यामुळे शेवटच्या अंकात काय छापले याची कोणाला फिकीर नव्हती, म्हणून ली यांनी ही कथा त्यात घातली. स्टॅन ली यांनी ही हकिकत आयुष्यभर अनेकदा सांगितली. आता दुसऱ्या पायरीवर पाहिलेले संपादकीय निवेदन आठवावे. नायक दर महिन्याला भेटेल असे अंकातच छापलेले आहे, नावही नव्याने बदललेले आहे. म्हणजे अंक तयार होत असताना तरी संपादक पुढच्या अंकाची योजना करीत होते, आणि बंद करण्याचा निर्णय नंतर झाला असावा, असा निष्कर्ष अधिक सयुक्तिक दिसतो. आख्यायिका पूर्णपणे खोटी ठरवण्याची गरज नाही, पण तिच्यापेक्षा छापील पानाला अधिक वजन द्यावे.

निर्मितीचे श्रेय हा दुसरा नाजूक विषय आहे. कथा ली आणि डिटको यांच्या नावावर आहे. मुखपृष्ठ मात्र मार्व्हलचे दुसरे चित्रकार जॅक कर्बी यांनी रेखाटले आणि त्यावर डिटको यांनी शाई चढवली. डिटको यांनी आधी काढलेले मुखपृष्ठ नाकारले गेले होते. या पात्राची सुरुवातीची काही पाने कर्बी यांनी काढली होती, आणि त्यांत जादूच्या अंगठीने मुलाचा प्रौढ नायक होत असे, असे डिटको यांनी पुढे लिहून ठेवले. ती कल्पना सोडून देण्यात आली. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, मनगटावरची जाळे फेकणारी यंत्रे आणि पोशाख ही डिटको यांची देणगी. मुखवट्यामुळे पोरगेला चेहरा लपतो आणि गूढ वाढते, असा त्यांचा विचार होता. नवख्याने येथे एकाच व्यक्तीच्या पारड्यात सगळे टाकण्याचा मोह टाळावा आणि लेखन, रेखाटन, शाई व मुखपृष्ठ यांचे श्रेय वेगवेगळे नोंदवावे. ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ या विनामूल्य सूचीत अशा नोंदी अंकवार मिळतात.

या अंकाच्या बाबतीत आणखी एक दुर्मीळ पुरावा उपलब्ध आहे. डिटको यांनी काढलेली चारही कथांची सर्व २४ मूळ पाने २००८ मध्ये एका अनामिक दात्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. ज्या पानावर पीटर मोटारीखाली येता येता वाचतो, तेथे ली यांनी डिटको यांच्यासाठी सूचना लिहिलेली आहे : मोटार बंद टपाची दाखवावी, बाहेर लोंबणारे हात नसावेत, बेदरकार वाहन चालवल्याचा भास होऊ नये. आचारसंहितेच्या काळात संपादक किती बारीकसारीक गोष्टींना जपत असत, हे अशा एका ओळीतून जेवढे कळते तेवढे पानभर इतिहास वाचून कळत नाही.

सहावी पायरी : अंकाच्या पश्चात काय घडले ते पाहावे

पुढचे काही घडलेच नसते तर हा अंक एका बंद पडलेल्या कथासंग्रहाचा शेवटचा अंक म्हणून उरला असता. मार्च १९६३ च्या तारखेने ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा पहिला अंक आला, आणि तो काकांच्या मृत्यूनंतर घरात पैसे नाहीत येथूनच सुरू होतो. म्हणजे १५ व्या अंकातला धक्का संपला नाही, तो घरभाड्याच्या चिंतेत उतरला. डिटको यांनी १९६६ मध्ये मार्व्हल सोडेपर्यंत या मालिकेचे ३८ अंक चित्रित केले.

परिणाम मोजण्याची माझ्या मते सर्वांत चांगली कसोटी ही, की कथा दुसऱ्या देशात, दुसऱ्या समाजात नेली तर तिच्यातले काय टिकते. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ ही मालिका निघाली. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांच्या या मालिकेचा नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसणारा मुलगा आहे. त्याला शक्ती किरणोत्सारी कोळ्याकडून मिळत नाही, एका योग्याकडून मिळते. विज्ञान गेले, न्यूयॉर्क गेले, पोशाखही बदलला. टिकले ते एवढेच, की संकटातल्या स्त्रीची हाक तो कानाआड करतो आणि तिच्या मदतीला धावलेले भीम काका जिवानिशी जातात. मूळ अंकाचा गाभा कोठे आहे, हे मुंबईत घडणाऱ्या या कथेवरून पडताळून पाहता येते.

सातवी पायरी : प्रत तपासावी आणि जपावी

विकत घेण्याचा विचार नसला तरी प्रतीची स्थिती वाचता यायला हवी. प्रतींना दर्जा देणाऱ्या संस्था ०.५ ते १० अशी श्रेणी वापरतात. २००० मध्ये सुरू झालेली सीजीसी ही त्यांतली सर्वांत परिचित. तिच्याकडून आलेली प्रत पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद पेटीत असते, आणि जांभळी पट्टी असेल तर त्या प्रतीवर रंग भरणे, कागद जोडणे यांसारखी दुरुस्ती झालेली आहे असे समजावे. दुरुस्ती लपवून विकलेल्या प्रती हा या बाजारातला सर्वांत मोठा धोका आहे, तेव्हा पेटीबाहेरची महागडी प्रत जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

१९६० च्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांत एक दोष हमखास आढळतो. कागद कापणारी पाती बोथट असल्यामुळे मुखपृष्ठाच्या उजव्या कडेचे बारीक तुकडे उडालेले असतात. संग्राहक याला ‘मार्व्हल चिपिंग’ म्हणतात. तो छपाईच्या वेळचा दोष असला तरी दर्जा ठरवताना धरला जातो. ब्रिटनमध्ये विकायच्या काही प्रतींवर १२ सेंटऐवजी ९ पेन्स छापलेले आहे. त्या बनावट नसून त्याच काळातल्या आहेत. उलट, १९६४ च्या ‘मार्व्हल टेल्स’च्या पहिल्या वार्षिकांकापासून या कथेची अनेक पुनर्मुद्रणे झाली आहेत. त्यांची ओळख पहिल्या पायरीवर सांगितलेल्या बारीक मजकुरावरून पटते.

आतला कागद वर्तमानपत्री, आम्लयुक्त असतो. तो उजेडात पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात पावसाळ्यात पिना गंजतात, गंजाचे डाग पानांवर उतरतात, कसर कडा खाते आणि बुरशी धरते. त्यामुळे आम्लरहित पुठ्ठा आणि मायलर या पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी वापरावी, अंक उभे ठेवावेत, भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे, सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात आणि डांबराच्या गोळ्या अंकांजवळ ठेवू नयेत. ज्यांच्या घरी इंद्रजाल कॉमिक्सचे जुने ‘वेताळ’ अंक अजून शिल्लक आहेत, त्यांनीही हीच काळजी घ्यावी. आपल्याकडे त्या अंकांची जपणूक फारच थोड्या लोकांनी केली आहे, आणि त्यांचेही मोल कमी नाही.

आठवी पायरी : हीच पद्धत दुसऱ्या अंकावर लावून पाहावी

सरावासाठी दोन अंक सुचवतो. पहिला नोव्हेंबर १९७४ चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ अंक १८१. वुल्व्हरिन हा पुढे गाजलेला नायक यात पहिल्यांदा पूर्णपणे दिसतो, पण त्याची झलक १८० व्या अंकाच्या शेवटच्या पानावर आधीच येऊन गेलेली आहे. तेव्हा ‘पहिले दर्शन’ कशाला म्हणायचे हा प्रश्न येथे स्वतःच सोडवावा लागतो. या अंकात कापून चिकटवण्यासाठी छापलेला एक छोटा शिक्का होता. तो कापलेला असेल तर प्रत अपुरी ठरते, त्यामुळे पान उलटून खात्री करावी.

दुसरा जून १९७३ चा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ अंक १२१. जेरी कॉन्वे यांनी लिहिलेल्या आणि गिल केन यांनी चित्रित केलेल्या या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरते. पुलावरून पडणाऱ्या ग्वेनला स्पायडर-मॅन जाळ्याने पकडतो त्या चौकटीत तिच्या मानेजवळ एक लहानसा ध्वनिशब्द छापलेला आहे. तो शब्द शोधावा, मग १५ व्या अंकातल्या मिटणाऱ्या दाराची चौकट पुन्हा काढून तिच्याशेजारी ठेवावी आणि पाहावे : एका ठिकाणी त्याने काहीच केले नाही म्हणून माणूस गेले, आणि अकरा वर्षांनी त्याने केलेल्या मदतीनेच बहुधा माणूस गेले. अनेक संग्राहक रौप्ययुगाचा शेवट याच अंकापाशी मानतात. तसे मानणे कितपत योग्य आहे याचा निर्णय घेण्यापूर्वी १२२ वा अंकही वाचावा, कारण त्याच्या शेवटच्या पानावर दार उघडून बाहेर जाता जाता थबकणारी, पीटरची मैत्रीण मेरी जेन आहे, आणि ती काय करते हे त्या वादात फार महत्त्वाचे आहे.